माशाच्या प्रथिनाची सहा मळसूत्रं

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मी सांगलीतल्या एका कॉलेजात बीएस्सीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवत होते. नवरा सैन्यात, पोस्टिंग आसामात. विश्रामबागेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत मी एकटीच राहायचे, पण त्या हिवाळ्यात सासरे माझ्याकडे आले. त्यांचे उरलेसुरले दात काढून कवळी बसवायची होती. कडेगावजवळच्या आमच्या गावी ऊस होता, गुरं होती, सासूबाई आणि थोरले दीर होते. दातांचा डॉक्टर तेवढा नव्हता.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणत असू. मामा सैन्याच्या संदेशवहन विभागातून, म्हणजे सिग्नल्समधून, हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. अंथरुणाची घडी अजून कोपऱ्याला कोपरा जुळवून घालायचे. माझ्याशी फार बोलत नसत आणि मीही त्यांच्यासमोर जरा आखडूनच असे. हिरड्या भरून येईपर्यंत त्यांना भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागे. ते खाली मान घालून खात. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी तेवढ्यात आतलं काहीतरी काम काढायची.

त्याच दिवसांत माझं संशोधन बुडायला आलं होतं.

माझे पुण्यातले सर निवृत्त होऊन साताऱ्याला स्थायिक झाले होते. परदेशातले त्यांचे जुने सहकारी त्यांना नवेनवे शोधनिबंध पाठवत, त्यातल्या एकानं सरांना झपाटलं होतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. कड्या वीस प्रकारच्या. कुठल्या कडीनंतर कुठली येते हा क्रम तोवर बऱ्याच प्रथिनांचा कळला होता. पण साखळी सरळ पडून राहत नाही. ती वळते, दुमडते, काही भागांत मळसूत्रासारखी पिळली जाते, आणि या आकारावरच तिचं काम ठरतं. आकार शोधायचा तर प्रथिनाचे स्फटिक बनवायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे, आणि वर्षानुवर्षं मोजमापं करत बसायचं. या निबंधाचं म्हणणं असं, की नुसता क्रम वाचून मळसूत्रं कुठं असतील ते आधीच सांगता येईल. वीसही आम्लांचा स्वभाव त्यात आकड्यांच्या एका तक्त्यात मांडला होता. ग्लुटामिक आम्लाला मळसूत्रात बसायला फार आवडतं. ग्लायसीन मळसूत्र मोडतं. लागोपाठच्या सहा कड्यांपैकी चार मळसूत्राला अनुकूल असतील तर तिथं ते सुरू झालं असं धरायचं, आणि आकड्यांची सरासरी खाली येईपर्यंत दोन्ही बाजूंना वाढवत न्यायचं.

पुण्या-मुंबईला संगणक होते, पण तिथवर माझा हात पोचणार नव्हता. माझ्याकडे चौकटीचे कागद होते, शिसपेन्सिल होती, आणि फिजिक्सच्या कपाटात कुलुपात ठेवलेलं कॉलेजचं गणकयंत्र होतं. तेही शनिवारी दुपारी, मागून घेतलं तर.

सरांनी मला गोड्या पाण्यातल्या एका माशाच्या स्नायूतलं प्रथिन दिलं. "याचा आकार क्ष-किरणांनी सापडलेला आहे," ते म्हणाले. "उत्तर माझ्याजवळ आहे. तू बघायचं नाहीस. आधी तू सांग, मग ताडून बघू."

त्याचा क्रम एका परदेशी नियतकालिकात छापलेला होता आणि सर अंक घरी नेऊ देत नसत. म्हणून क्रम त्यांच्याच टेबलाशी बसून उतरवायचा होता. प्रत्येक आम्लाचं तीन इंग्रजी अक्षरांचं छोटं नाव. अशी एकशे आठ. निम्मं उतरवून झालं तेव्हा सरांच्या पत्नींनी आतून विचारलं, "तुझी सांगलीची गाडी किती वाजता आहे?" मी घड्याळ बघितलं आणि उरलेलं निम्मं कसं लिहिलं ते मलाच माहीत. स्टँडवर पोचले तेव्हा कंडक्टर दार लावत होता.

घरी आल्यावर परीक्षांचे पेपर तपासायला आले. आठ-दहा दिवसांनी वही उघडली, तीन-तीन अक्षरांची नावं एकेका अक्षरात आणून चौकटीच्या कागदावर मांडली, आणि तीन शनिवार गणितं केली. मळसूत्रं जिथं सापडली तिथं लाल पेन्सिलीनं पट्टा ओढला. दोनदा तपासलं आणि एक प्रत साताऱ्याला पाठवून दिली.

एका बुधवारी सरांचं उत्तर आलं. मी ते दूध तापवता तापवता वाचलं. प्रथिनात मळसूत्रं सहा, मला सापडली तीन. उत्तरार्धात तर ताळमेळच नाही. एवढ्या साध्या, छोट्या प्रथिनावर पद्धत फसत असेल तर या वाटेनं जाण्यात अर्थ नाही, तू विषय बदललेला बरा, असं त्यांनी लिहिलं होतं. येत्या रविवारी साताऱ्याच्या एका वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं, क्रमावरून प्रथिनाचा आकार सांगता येईल का, या विषयावर. तिथं ते हेच उदाहरण देऊन 'नाही' म्हणणार होते.

दूध उतू गेलं. स्टोव्ह विझला तरी मी तशीच उभी होते. वासानं मामा दारात आले. माझ्या हातातलं पत्र त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं गं पोरी? आसामातनं हाय व्हय?"

"नाही मामा. तिकडचं नाही. माझ्या सरांचं आहे."

ते मटकन पाटावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मलाही तेव्हा सुचलं, की पत्राकडे बघून माणूस असा उभा राहिलेला दिसला तर फौजेतल्या मुलाच्या बापाला काय वाटेल. मी ओशाळले. आणि त्यांची भीती घालवण्यासाठी म्हणून त्यांना सगळं सांगत सुटले. मासा, साखळी, मळसूत्रं, रविवारचं व्याख्यान. एरवी मी हे त्यांना कधीच सांगितलं नसतं. मामांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"किती नावं हायत म्हणालीस?"

"एकशे आठ."

"म्हंजे जपाची माळच की. आन् ती कुणी तपासली?"

"मीच. दोनदा."

"तूच लिवलीस आन् तूच तपासलीस?" मामांनी मान हलवली. "आमच्या सिग्नलात असलं चालत नव्हतं बग. एकानं संदेश उतरून घेतला की दुसऱ्यानं मोठ्यांदा वाचायचा. आपली चूक आपल्याला दिसत न्हाई. आन हिकडं ती वही."

खरं सांगते, मी वही दिली ती त्यांचं मन राखायला. गुरुवारी दवाखाना होता, त्यामुळं बसायला शुक्रवार उजाडला. कॉलेजातून आल्यावर आम्ही बाहेरच्या पायरीवर बसलो. उन्हं अजून होती. त्यांच्या हातात माझी पेन्सिलीनं लिहिलेली वही, माझ्यासमोर चौकटीचा कागद. मामा अक्षरांची नावं घेत नव्हते, प्रत्येक अक्षराला फौजेतला शब्द वापरत होते. वायरलेसवर खरखर फार असते, एक अक्षर दुसऱ्यासारखं ऐकू येतं, म्हणून त्यांच्या वेळी प्रत्येक अक्षराला एक अख्खा शब्द ठरलेला असे. 'जी' म्हणजे जॉर्ज, 'एल' म्हणजे लव्ह, 'यू' म्हणजे अंकल, 'वाय' म्हणजे योक. तोंडात दात नव्हते तरी हे शब्द स्वच्छ येत होते.

"एबल-लव्ह-एबल."

"बरोबर."

"लव्ह-योक-शुगर."

"बरोबर."

पहिलं पान असंच गेलं. शेजारच्या वहिनी दळण घेऊन जाता जाता थबकल्या, आम्हाला बघितलं आणि हसू दाबत पुढं गेल्या. दुसरं पान उलटलं. इथून माझी घाई सुरू झाली होती.

"पीटर-हाऊ-ईझी. आयटम-लव्ह-ईझी. जॉर्ज-लव्ह-अंकल."

मी थांबले. "काय म्हणालात?"

"जॉर्ज-लव्ह-अंकल."

माझ्या कागदावर तिथं ग्लायसीन होतं. ग्लायसीनचं छोटं नाव जी-एल-वाय. जी-एल-यू म्हणजे ग्लुटामिक आम्ल.

"मामा, तो वाय आहे."

"न्हाई. यू हाय."

"माझंच अक्षर आहे ना मामा. वाय आहे तो."

त्यांनी वही माझ्याकडे वळवली. "ह्याच पानावर तुझा वाय हिकडं बग. लव्ह-योक-शुगर. इथं तुझ्या वायची शेपटी डाव्या अंगाला वळती. आन् हितं? सरळ खाली गेलीया. पेन्सिल उचलायला येळ मिळाला न्हाई तुला, म्हणून यूला शेपूट आलंय. मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाईट अक्षरं वाचल्यात पोरी."

मी वही डोळ्यांजवळ नेली. एकदा दिसल्यावर मग ते दिसतच राहिलं. दुसऱ्या पानावर मामांनी असे सहा 'यू' काढले, जिथं मी 'वाय' वाचला होता. म्हणजे साखळीच्या अर्ध्या भागात, मळसूत्राला सगळ्यांत जास्त मानवणारं आम्ल जिथं होतं, तिथं मी मळसूत्र मोडणारं आम्ल बसवून गणित केलं होतं.

शनिवारी गणकयंत्र मागून घेतलं आणि उत्तरार्ध नव्यानं केला. लागोपाठच्या सहा कड्यांत चौथी अनुकूल कडी येऊन बसली की मी लाल पेन्सिल उचलायची. दोन नवी मळसूत्रं सरळ उभी राहिली. घरी येऊन मामांना सांगितलं आणि सांगता सांगताच सरांचं पत्र पुन्हा उघडलं.

"आता काय?" मामांनी विचारलं.

"मामा, मला उत्तर आधीच माहीत आहे. सरांनी पत्रात मळसूत्रं कुठं आहेत ते लिहिलंय. आता मला हवं तिथं मी 'यू' वाचते असं कुणीही म्हणेल. मीच म्हणेन."

"बराबर हाय तुझं. मग भांडत कशाला बसायचं? संदेश पुन्यांदा मागवायचा. मूळ कागद साताऱ्यात हाय न्हवं?"

"सकाळची पहिली गाडी धरली तर दुपारच्या आत पोचू."

"चल की मग. मी येतो."

रविवारी आम्ही पहिल्या गाडीनं निघालो. आष्टा, इस्लामपूर, कऱ्हाड. मामांनी डोक्याला फेटा बांधला होता आणि माझी वही धोतराच्या पानासारखी नीट घडी केलेल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरली होती. सरांच्या घरी पोचलो तेव्हा सर व्याख्यानाचे कागद पुढ्यात घेऊन बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"उत्तर कळल्यावर तुला 'यू' दिसायला लागले?"

मला वाटलं होतं तेच. पण समोरून ऐकल्यावर फार लागलं. "म्हणूनच मूळ अंक बघायला आलेय सर," मी म्हटलं. "त्यात वाय असेल तर मी विषय बदलते."

सरांनी मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अंक घरात नाही. वर्षाचे सगळे बांधायला टाकलेत."

बाइंडरचं दुकान रविवारी बंद होतं, पण ते दुकानामागंच राहत. सर स्वतः आमच्याबरोबर आले. पांढऱ्या दाढीचे, पायजमा-बनियनवर असलेले ते गृहस्थ बाहेर आले आणि सरांना बघून लगबगीनं आत वळून सदरा चढवून आले. सरांनी काम सांगितलं.

"साहेब, कालच शिवून दाबाखाली घातलंय," ते म्हणाले. "पाठीची खळ ओली आहे. आत्ता काढलं तर पुस्तकाची पाठ वाकडी होईल ती कायमची."

"किती वेळ लागेल?"

"उन्हात धरतो हवं तर. तासभर तरी बसा."

तो तास मी विसरलेले नाही. बाइंडरांच्या मुलीनं चहा आणला. मामांनी बशीत ओतून, फुंकून फुंकून घेतला. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले होते. लाकडी दाबाचा मोठा स्क्रू समोरच होता आणि त्याखाली माझं प्रथिन अडकून पडलं होतं. एकदा मामा बाइंडरांना म्हणाले, "आवं, तुमी फौजेत होता काय? हत्यारं लय नीट लावल्याती." बाइंडर हसले. त्यांचा भाऊ होता म्हणाले. मग दोघं त्या भावाच्या रेजिमेंटबद्दल बोलत राहिले आणि मला जरा बरं वाटलं, कारण कुणीतरी बोलत होतं.

शेवटी बाइंडरांनी बोटानं खळ तपासली, स्क्रू सैल केला आणि जाड गठ्ठा दोन्ही हातांवर बाहेर आणला. "पानं मी उलटतो," ते म्हणाले. "तुम्ही फक्त बघा."

पान सापडलं. आता वाचायचं कुणी? मी वाचणार नव्हते आणि सरही म्हणाले, मी वाचत नाही, मलाही उत्तर माहीत आहे. मग मामांनी छापील पान वाचायचं आणि सरांनी माझ्या वहीवर खूण करायची असं ठरलं. मी दोघांच्या मधे हात बांधून उभी राहिले.

"पीटर-हाऊ-ईझी," मामांनी सुरुवात केली. "आयटम-लव्ह-ईझी." मग ते थांबले, बोट पानापासून बोटभर वर धरून अक्षर पुन्हा बघितलं. "जॉर्ज-लव्ह-अंकल."

सरांची पेन्सिल वहीवर थांबली.

"अंकल? नक्की?"

"आवं साहेब, छापलंय की. बगा."

सरांनी वाकून बघितलं आणि खूण केली. पुढचंही अंकल. त्याच्या पुढं एक सोडून परत अंकल. चौथा, पाचवा. मी कागदांच्या गठ्ठ्यावर बसले. सहाव्या जागी मामा अडखळले.

"जॉर्ज-लव्ह... योक." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ह्यो योक हाय गं. हितं माझं चुकलं. तू बराबर होतीस."

सहापैकी पाच यू, एक वाय. आणि कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण त्या एका चुकीनंच माझा जीव भांड्यात पडला. मामांनी मला हवं ते वाचलं नव्हतं, सरांनी त्यांना हवं ते ऐकलं नव्हतं. जे छापलं होतं तेच तिथं होतं. मी हसायला लागले आणि हसता हसता रडू आलं. बाइंडर घाबरून म्हणाले, "बाई, पाणी आणू का?"

सरांनी तिथंच कापलेल्या कागदाची एक पट्टी उचलली आणि चुकलेली कडी सुधारून त्या मळसूत्राचं गणित पुन्हा मांडलं. तक्ता त्यांना तोंडपाठ होता. पट्टी संपली, दुसरी घेतली. मळसूत्र टिकलं, फक्त एका टोकाला थोडं आखडलं.

"सहापैकी पाच मळसूत्रं," ते म्हणाले. मग खुर्चीत मागं टेकून त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की बाइंडरांची मुलगी दारात येऊन बघू लागली. "तुला ठाऊक आहे, पत्र पोस्टात टाकल्यापासून मी सुतकात असल्यासारखा आहे. बायकोला विचार. पद्धत फसावी असं मला कुठं वाटत होतं!"

मला ते ठाऊक नव्हतं. पत्रातली त्यांची भाषा इतकी कोरडी होती, की त्यांना काही वाटलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी वाचनालयात चाळीसएक माणसं होती. सरांनी ठरलेलं व्याख्यान बाजूला ठेवलं. क्रमावरून आकार सांगता येईल का, तर थोडाफार, काही ठिकाणी, आणि आधी क्रम नीट वाचता आला तर, असं म्हणाले. चूक कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. "आमच्याकडून एक अक्षर चुकीचं वाचलं गेलं," एवढंच. मग म्हणाले, ती चूक सापडली ती पहिल्या रांगेत बसलेल्या हवालदारसाहेबांमुळं. लोकांनी वळून बघितलं. मामा ताडकन उठून सावधानमध्ये उभे राहिले, आणि बसायचं कधी ते कळेना म्हणून सर पुढं बोलायला लागेपर्यंत तसेच उभे राहिले.

एका शेतकऱ्यानं शेवटी विचारलं, याचा उपयोग काय. सर म्हणाले, "आत्ता काही नाही. पुढं फार होईल असं मला वाटतं. पण मी चुकू शकतो, हे आजच सिद्ध झालंय." लोक हसले, सरही हसले. सरांचं ते हसणं मी पुण्यात कधी बघितलं नव्हतं.

मुक्काम त्यांच्याच घरी केला. सरांच्या पत्नींनी मामांसाठी मऊ खिचडी टाकली होती. ते न लाजता दोनदा मागून जेवले आणि मीही त्यांच्यासमोर बसून जेवले.

सोमवारी सकाळच्या गाडीला गर्दी नव्हती. कऱ्हाड सोडल्यावर मामांनी विचारलं, "मग ते सहावं मळसूत्र का सापडंना?"

"तक्त्यालाच ते दिसत नाही मामा. तिथल्या कड्या मळसूत्राच्या नाहीत, तरी मळसूत्र आहे. बहुतेक दूरच्या कड्या त्याला धरून ठेवत असतील."

"म्हंजे शेजारीच बगून भागत न्हाई."

"नाही भागत."

"मग हाय की अजून काम," मामा म्हणाले आणि समाधानानं खिडकीबाहेर बघू लागले.

काम होतंच. प्रबंध व्हायला पुढं कितीतरी वर्षं लागली, आणि ते सहावं मळसूत्र माझ्या चौकटीच्या कागदांना काही सापडलं नाही. पण त्या सकाळी मला त्याची काळजी नव्हती. अकराचा तास चुकणार होता, वर्गात मुलं गोंधळ घालणार होती, विभागप्रमुख बोलणार होते. मी खिडकीच्या गजाला डोकं टेकवलं आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा गाढ झोपले. आष्टा कधी गेलं ते कळलंच नाही. सांगलीत मामांनी हलवून उठवलं तेव्हा गाडी रिकामी झाली होती, आणि कंडक्टर आमच्या उतरण्याची वाट बघत दारात उभा होता.